जिऱ्यापासून बोटुकलीपर्यंत : माशांच्या पिलांचे आहारशास्त्र

मासळीबाजारात रोहू किंवा कटला विकत घेणारा ग्राहक कल्ले लाल आहेत ना, डोळे पाणीदार आहेत ना, हे पाहतो, भाव ठरवतो आणि पिशवी घेऊन घरी जातो. हा मासा कोणत्या तलावात वाढला, याची चौकशी क्वचितच होते. जन्मानंतरच्या पहिल्या पंधरा दिवसांत त्याने काय खाल्ले, हा प्रश्न तर कोणाच्या मनातही येत नाही. वस्तुतः मत्स्यशेतीचे सारे गणित याच दिवसांत जमते किंवा कायमचे बिघडते.

हा विषय आता केवळ मत्स्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांपुरता राहिलेला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, २०२२ मध्ये जगातील जलचर प्राण्यांच्या एकूण उत्पादनात संवर्धनाचा वाटा प्रथमच नैसर्गिक मासेमारीपेक्षा अधिक, म्हणजे सुमारे ५१ टक्के झाला. महाराष्ट्रातही २०२५ मध्ये मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला. शेती म्हटली की बियाणे आले आणि बियाणे म्हटले की त्याच्या उगवणीची काळजी आली. माशांच्या बाबतीत ही काळजी मुख्यतः आहाराची असते.

या व्यवसायातील शब्दसंपदा मोठी बोलकी आहे. अंड्यातून बाहेर पडून दोन-तीन दिवस झालेल्या पिलांना 'मत्स्यजिरे' म्हणतात. सहा-सात मिलिमीटर लांबीचे हे जीव मुठीत घेतले तर खरोखरच जिऱ्यासारखे दिसतात. पंधरा-वीस दिवसांत ती वीस-पंचवीस मिलिमीटरची झाली की त्यांना 'मत्स्यबीज' हे नाव मिळते. पुढे 'अर्धबोटुकली' आणि दोन-तीन महिन्यांनी, माणसाच्या बोटाएवढी म्हणजे ८० ते १०० मिलिमीटर लांबीची झाली की 'बोटुकली'. मोठ्या तलावात किंवा धरणाच्या जलाशयात सोडण्यास खऱ्या अर्थाने योग्य होते ती ही बोटुकलीच. त्याआधी सोडलेली पिले मोठ्या माशांच्या पोटात जाण्याचीच शक्यता अधिक.

नदीकडून हॅचरीकडे

रोहू, कटला आणि मृगळ हे भारतीय प्रमुख कार्प मासे पावसाळ्यात वाहत्या पाण्यात प्रजनन करतात. साचलेल्या तळ्यात ते वाढतात, पण सहसा अंडी घालत नाहीत. त्यामुळे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मत्स्यपालक सर्वस्वी नदीवर अवलंबून होता. पुराच्या पाण्यात बारीक जाळी लावून जिरे गोळा करायचे आणि त्यात नको त्या जातींची पिले किती आली, हे नशिबावर सोडायचे, अशी रीत होती. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी आणि डॉ. के. एच. अलीकुन्ही यांनी माशाच्या पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांचे प्रेरित प्रजनन यशस्वी करून दाखविले. भारतातील नीलक्रांतीची पायाभरणी येथे झाली. १० जुलै हा दिवस देशात राष्ट्रीय मत्स्यपालक दिन म्हणून पाळला जातो तो याच घटनेच्या स्मरणार्थ.

या शोधाने जिऱ्यांचा दुष्काळ संपविला. एका मादीपासून लाखांच्या संख्येने अंडी मिळू लागली आणि गोलाकार हॅचरीतील फिरत्या पाण्यात ती उबविणे सोपे झाले. मात्र जिरे जन्माला घालणे आणि ती जगविणे, या दोन वेगळ्या विद्या आहेत. संगोपन तळ्याची व्यवस्था उत्तम असेल तर जिऱ्यांपासून मत्स्यबीज होईपर्यंत ४० ते ५० टक्के पिले जगतात आणि बीजापासून बोटुकली होईपर्यंत त्यातील ६० ते ७० टक्के. म्हणजे एक लाख जिरे आणणाऱ्याच्या हाती, सारे काही नीट झाले तर, २४ ते ३५ हजार बोटुकली लागते. व्यवस्था ढिसाळ असेल तर हा आकडा कितीही खाली घसरू शकतो. या मृत्यूंना शत्रू कीटक, प्राणवायूची कमतरता, रोग अशी अनेक कारणे असतात, पण त्यांच्या मुळाशी बहुधा उपासमार असते. उपाशी पिलू हळू पोहते आणि शत्रूच्या तावडीत आधी सापडते, रोगालाही तेच आधी बळी पडते.

तीन दिवसांची शिदोरी

फलनानंतर साधारण चौदा ते वीस तासांत कार्प माशाचे पिलू अंड्याबाहेर येते. त्या वेळी त्याचे तोंड उघडलेले नसते. पोटाखाली लटकणारी पीतकाची पिशवी ही त्याची आईने बांधून दिलेली शिदोरी. तीत प्रथिने, स्निग्ध पदार्थ, जीवनसत्त्वे, सारे काही नेमक्या प्रमाणात असते. ही शिदोरी सुमारे तीन दिवस पुरते. तेवढ्या अवधीत डोळे, तोंड, आतडे आणि पोहण्याचे स्नायू तयार व्हावे लागतात. शिदोरी संपते त्या क्षणी बाहेर खाद्य असले पाहिजे, आणि तेही तोंडात मावेल इतके बारीक.

या संधिकालाचे महत्त्व प्रथम जाणले ते समुद्री माशांच्या अभ्यासकांनी. नॉर्वेचे शास्त्रज्ञ योहान यॉर्ट यांनी १९१४ मध्ये असा विचार मांडला की, कॉड आणि हेरिंग या माशांचे एखाद्या वर्षीचे पीक भरघोस येते आणि दुसऱ्या वर्षी कोसळते, याचे कारण अंड्यांच्या संख्येत नसून पिलांना पहिला घास वेळेवर मिळतो की नाही, यात असावे. पुढील काळात या सिद्धांताला अनेक पुरवण्या जोडल्या गेल्या, त्यावर आक्षेपही घेतले गेले, परंतु त्यातील मध्यवर्ती निरीक्षण टिकून आहे. पीतक संपल्यावर ठरावीक काळ अन्न मिळाले नाही, तर पिलू इतके क्षीण होते की नंतर समोर खाद्य आले तरी ते खाऊ शकत नाही. ते अजून जिवंत असते, पोहतही असते, पण त्याचा परतीचा मार्ग बंद झालेला असतो. तळ्यात जिरे सोडल्यावर आठवड्याने ती 'अचानक' मेली, असे जे सांगितले जाते, त्यातील अनेक मृत्यू आधीच ठरून गेलेले असतात.

पाण्यातले कुरण

मग हा पहिला घास कोणता? रोहू मोठेपणी पाण्याच्या मधल्या थरात वनस्पतिजन्य अन्न खातो, कटला वरच्या थरातील प्लवक टिपतो, मृगळ तळाचा कुजका पाला उकरतो. गवत्या मासा तर नावाप्रमाणे पाणगवतावर जगतो. जिरे असताना मात्र या सर्वांची पंगत एकच असते. प्राणीप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म प्राणी, हे त्यांचे आवडते आणि आवश्यक अन्न. प्रथम रोटिफर हे अतिसूक्ष्म जीव, मग डॅफ्निया, मोइना हे पाणपिसू आणि कोपेपॉड. पुढे शाकाहारी होणारा मासाही बालपणी मांसाहारी असतो, ही गोष्ट आहारशास्त्राच्या दृष्टीने कळीची आहे.

म्हणून जाणता मत्स्यपालक जिरे येण्याआधीच तळ्याची मशागत करतो. तळ्यातील भक्षक मासे मारण्यासाठी हेक्टरी सुमारे अडीच हजार किलो मोहाची पेंड घालतात. तिच्यातील सॅपोनिन या घटकाने मासे मरतात आणि विषाचा अंमल दोन-तीन आठवड्यांत ओसरल्यावर तीच पेंड खत म्हणून उपयोगी पडते. त्यानंतर शेण, शेंगदाण्याची पेंड आणि सुपर फॉस्फेट यांचे मिश्रण दिले जाते. त्याचा एक हप्ता जिरे सोडण्याच्या दोन-तीन दिवस आधी आणि उरलेले पुढे पाणी पाहून. या खताने आधी जिवाणू व शेवाळ वाढते आणि त्यावर प्राणीप्लवकाची पैदास होते. तळ्यातील पन्नास लिटर पाणी बारीक कापडी जाळीतून गाळल्यावर नळीच्या तळाशी एक ते दोन मिलिलिटर प्लवक जमले, तर कुरण तयार झाले असे समजावे. प्लवक वाढते तसे पाठीवर पोहणारे ढेकणासारखे पाणकीटकही वाढतात आणि ते जिऱ्यांचे शोषण करतात. तेव्हा जिरे सोडण्याच्या आदल्या दिवशी साबण व तेलाचे मिश्रण पाण्यावर पसरतात. त्या तवंगामुळे पृष्ठभागावर येऊन हवा घेणारे कीटक गुदमरून मरतात.

खत आज घातले आणि जिरे उद्या सोडली, तर पिलांना रिकाम्या ताटावर बसविल्यासारखे होते. उलट, खत घालून दोन-तीन आठवडे वाट पाहिली, तर रोटिफरांचा बहर ओसरून मोठे कोपेपॉड माजतात आणि ते जिऱ्याच्या तोंडात मावत नाहीत. प्लवकाचा बहर आणि पिलाचे उघडलेले तोंड यांची वेळ जुळविणे, हेच संगोपनातील खरे कौशल्य होय.

पेंड-कोंड्याचा हिशेब

हेक्टरी तीस ते पन्नास लाख जिरे सोडल्यावर केवळ नैसर्गिक अन्न पुरत नाही. म्हणून शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडा समप्रमाणात घेऊन, वस्त्रगाळ करून देण्याची पद्धत देशभर रूढ आहे. एक लाख जिऱ्यांचे एकूण वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास भरते. त्यांना पहिले पाच दिवस रोज ६०० ग्रॅम, म्हणजे वजनाच्या चौपट, आणि पुढे रोज १२०० ग्रॅम खाद्य दोन हप्त्यांत विभागून देण्याची शिफारस आहे. वजनाच्या चौपट अन्न कोणता जीव खाईल, असा प्रश्न साहजिकच पडतो. उत्तर असे की, यातील बराचसा भाग पिले खात नाहीत. तो पाण्यात विरघळतो, कुजतो आणि पुन्हा प्लवकाचेच अन्न बनतो. अशा रीतीने पेंड हे निम्मे खाद्य असते आणि निम्मे खत.

आता या खाद्याची गुणवत्ता पाहू. माशाच्या आहारात सर्वांत मोलाचे ते प्रथिन. कार्प माशाच्या जिऱ्यांना व बीजाला खाद्यात साधारण ४० ते ४५ टक्के प्रथिने लागतात, बोटुकलीला ३५ टक्क्यांच्या आसपास आणि मोठ्या माशाला २५ ते ३० टक्के. कोंबडीच्या वाढत्या पिलांच्या खाद्यात हे प्रमाण वीस-बावीस टक्के असते. मासा इतका खादाड आहे का? तसे नाही. मासा थंड रक्ताचा प्राणी आहे, त्यामुळे शरीर उबदार राखण्यासाठी त्याला इंधन जाळावे लागत नाही. पाणी त्याचे वजन तोलून धरते. नायट्रोजनचा निचरा तो अमोनियाच्या रूपाने थेट कल्ल्यांतून करतो, त्यासाठी युरिया बनविण्याचा खर्च त्याला नाही. थोडक्यात, त्याची ऊर्जेची गरज कमी असते, म्हणून खाद्याच्या एकूण राशीत प्रथिनांचा वाटा मोठा दिसतो. खाल्लेले अन्न मांसात रूपांतरित करण्यात मासा इतर पाळीव प्राण्यांपेक्षा सरस ठरतो, तोही याच कारणाने.

शेंगदाण्याच्या पेंडीत ४० ते ४५ टक्के प्रथिने असतात, तर कोंड्यात जेमतेम १२ टक्के. दोन्ही समप्रमाणात मिसळली की मिश्रणात २६ ते २८ टक्केच प्रथिने उरतात. म्हणजे जिऱ्यांच्या गरजेपेक्षा बरीच कमी. तरीही ही पद्धत दशकानुदशके चालली, याचे श्रेय पेंडीला नाही, तर पाण्यातल्या कुरणाला आहे. प्राणीप्लवकाच्या कोरड्या वजनात निम्म्याहून अधिक प्रथिने असतात. तूट भरून काढली ती प्लवकाने. जेथे प्लवक नाही तेथे हीच पेंड आणि हाच कोंडा अपुरा पडतो.

प्रथिनांची टक्केवारी हीदेखील अर्धीच कहाणी आहे. प्रथिन ही अमिनो आम्लांची माळ असते आणि त्यांपैकी दहा अमिनो आम्ले माशाला स्वतःच्या शरीरात बनविता येत नाहीत. ती अन्नातूनच यावी लागतात. शेंगदाण्याच्या पेंडीत त्यांपैकी लायसिन आणि मेथिओनिन यांचा तुटवडा असतो. सोयाबीनच्या पेंडीत लायसिन चांगले असते, पण मेथिओनिन कमी. एक मणी कमी पडला की माळ तेथेच थांबते आणि उरलेली अमिनो आम्ले इंधन म्हणून जाळली जातात. त्यातून निघणारा अमोनिया पाणी बिघडवितो. निकृष्ट प्रथिनाचा तोटा असा दुहेरी असतो. पिलू खुरटते आणि त्याचे घरही दूषित होते.

वाकलेला कणा

प्रथिनांपाठोपाठ स्निग्ध पदार्थ येतात. गोड्या पाण्यातील कार्प माशांना लिनोलेइक आणि लिनोलेनिक अशी दोन्ही मेदाम्ले खाद्यात प्रत्येकी सुमारे एक टक्का लागतात. पेशींची आवरणे यांतूनच घडतात. पुरेसा स्निग्धांश असेल तर ऊर्जेसाठी त्याचा वापर होतो आणि महागडे प्रथिन वाढीसाठी शिल्लक राहते. मात्र येथे कोंडा दगा देतो. भात भरडल्याबरोबर कोंड्यातील तेलाचे विघटन सुरू होते आणि तो लवकर खवट होतो. खवट तेलामुळे खाद्यातील ई जीवनसत्त्व नष्ट होते. ताजा किंवा तेल काढलेला कोंडा वापरावा, हा सल्ला त्यासाठीच.

क जीवनसत्त्वाची कथा तर माणसाला जवळची वाटावी अशी आहे. ताज्या फळांविना दीर्घ प्रवास करणारे खलाशी स्कर्व्हीने मरत, कारण मानवी शरीर क जीवनसत्त्व बनवू शकत नाही. बहुतेक अस्थियुक्त माशांचेही तसेच आहे. ते बनविण्यासाठी लागणारे अखेरचे विकर त्यांच्यात नसते. क जीवनसत्त्व कमी पडले की कोलॅजन नीट तयार होत नाही आणि वाढत्या पिलाचा कणा बाजूला किंवा वर-खाली वाकतो. असा मासा जगला तरी बाजारात त्याला किंमत येत नाही. शिवाय हे जीवनसत्त्व नाजूक आहे. खाद्य बनविताना उष्णतेने, साठवणुकीत हवेने आणि तळ्यात टाकल्यावर पाण्याने ते झपाट्याने नाहीसे होते. खाद्याचा कण जितका बारीक तितकी ही गळती अधिक, आणि नेमका बारीक कणच पिलांना लागतो. म्हणून चांगल्या खाद्यात क जीवनसत्त्वाचे फॉस्फेटयुक्त, टिकाऊ रूप वापरतात.

खनिजांच्या बाबतीत पाण्यात राहण्याचा एक फायदा मिळतो. कॅल्शियम मासा कल्ल्यांवाटे पाण्यातून शोषून घेऊ शकतो. फॉस्फरस मात्र पाण्यात अत्यल्प असल्याने खाद्यातूनच द्यावा लागतो. तोही कसा? पेंड व कोंड्यातील बराचसा फॉस्फरस फायटेटच्या रूपात अडकलेला असतो आणि तो माशाला पचत नाही. कार्प माशांना तर जठरच नसते. अन्न थेट आतड्यात जाते, तेथे आम्ल नसते, म्हणून हाडांच्या भुकटीतील फॉस्फरसही त्यांना फारसा मिळत नाही. त्यासाठी पाण्यात विरघळणारी फॉस्फेट किंवा फायटेझ हे विकर खाद्यात मिसळतात. जठर नसण्याचा आणखी एक अर्थ असा की, या पिलांना एकदम पोटभर खाऊन ठेवता येत नाही. दिवसातून एकदा ओंजळभर देण्यापेक्षा तेच खाद्य चार वेळा थोडे थोडे देणे अधिक फलदायी ठरते.

पावसाळी हवा आणि बुरशी

आपल्याकडे जिऱ्यांचा हंगाम आणि पावसाळा एकाच वेळी येतात. जून-जुलैत समुद्रातील मासेमारी बंद असते, तेव्हाच गोड्या पाण्यातील संगोपन तळी गजबजतात. हवेतील याच ओलाव्यात पोत्यातील पेंडीला बुरशी धरते. ही बाब किरकोळ नाही. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी गूढ रोगाने मेले. शोध घेता कारण निघाले ते शेंगदाण्याच्या बुरशी लागलेल्या पेंडीतील विष. अस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीच्या नावावरून त्याला अफ्लाटॉक्सिन म्हणण्यात आले. त्याच सुमारास अमेरिकेतील संवर्धन केंद्रांत रेनबो ट्राउट माशांना यकृताच्या कर्करोगाने ग्रासले होते. तेथे दोषी ठरली ती सरकीची बुरशीयुक्त पेंड. स्वस्त मिळते म्हणून ओलसर, काळपट पेंड जिऱ्यांना घालणे, म्हणजे यकृत नुकतेच घडत असलेल्या जिवाला विष देणे होय.

ढगाळ दिवसांचा आणखी एक धोका आहे. सूर्यप्रकाश नसला की वनस्पतीप्लवक प्राणवायू कमी निर्माण करते आणि पहाटेच्या सुमारास पाण्यातील प्राणवायू नीचांकाला पोहोचतो. पिले पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागली, तर ती भुकेली आहेत असे समजून आणखी खाद्य टाकले जाते. न खाल्लेले खाद्य कुजताना उरलासुरला प्राणवायूही ओढून घेते. अशा दिवशी खाद्य कमी करणे किंवा थांबविणे, हाच योग्य आहार असतो.

अस्तराचे शेततळे

गेल्या काही वर्षांत महाराष्ट्राच्या अवर्षणप्रवण भागात शेततळी मोठ्या संख्येने झाली. द्राक्ष-डाळिंबांसाठी पाणी साठवायचे आणि त्यातच मासे सोडून जोडउत्पन्न मिळवायचे, ही कल्पना आकर्षक आहे. परंतु यांतील अनेक तळ्यांना प्लॅस्टिकचे अस्तर असते. अस्तर पाणी जिरू देत नाही आणि मातीलाही पाण्याशी बोलू देत नाही. मातीच्या तळ्यात तळाचा गाळ पोषकद्रव्ये साठवितो, हळूहळू सोडतो आणि त्यावर कीटकांच्या अळ्या व कृमी पोसले जातात. अस्तराच्या तळ्यात हे कोठारच नसते. तेथे प्लवक वाढते, पण टिकत नाही.

याचा अर्थ उघड आहे. मातीच्या तळ्यात जी पेंड-कोंड्याची पद्धत प्लवकाच्या आधाराने तरून जाते, ती अस्तराच्या तळ्यात उघडी पडते. तेथे खाद्य पूरक नव्हे, तर परिपूर्ण असावे लागते. प्रथिने, मेदाम्ले, जीवनसत्त्वे, खनिजे, सारे काही त्याच दाण्यात असले पाहिजे. हा खर्च न परवडणाऱ्या शेतकऱ्याने जिरे किंवा कोवळे बीज थेट शेततळ्यात न सोडता बोटुकलीच सोडावी, हे श्रेयस्कर. नाजूक बालपण मातीच्या तळ्यात आणि पुढील वाढ शेततळ्यात, अशी विभागणी केल्यास नुकसान बरेच टळते. बोटुकली महाग असते खरी, पण तिची किंमत जगलेल्या माशांच्या संख्येने भागून पाहावी. स्वस्त जिरे मग स्वस्त वाटत नाहीत.

जिताड्याचे नखरे

कार्प माशाचे पिलू त्यामानाने समजूतदार म्हणावे लागेल. रायगड जिल्ह्यातील खारजमिनींत, अलिबाग-पेणच्या परिसरात तळ्यांत पाळला जाणारा आणि पाहुण्याच्या मानाचा समजला जाणारा जिताडा मात्र हट्टी. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीव संवर्धन संस्थेने १९९७ मध्ये जिताड्याचे बंदिस्त प्रजनन साधले. पण त्याच्या पिलांना वाढविणे ही तारेवरची कसरत असते. अंड्यातून निघालेले पिलू जेमतेम दीड मिलिमीटरचे असते. पेंडीची भुकटी ते ओळखतच नाही, कारण हलणाऱ्या वस्तूलाच ते अन्न मानते. त्यामुळे हॅचरीत आधी सूक्ष्म शेवाळ वाढवायचे, त्यावर रोटिफर पोसायचे आणि ते पिलांना द्यायचे, अशी तीन पिढ्यांची शेती करावी लागते. आठवडा-दहा दिवसांनी आर्टेमिया या मिठागरांत आढळणाऱ्या इवल्या जिवाची नवजात पिले दिली जातात. आर्टेमियाची सुकी अंडी डबाबंद मिळतात आणि खाऱ्या पाण्यात सुमारे एका दिवसात फुटतात. जगभरच्या हॅचऱ्यांना ती पुरविणारे एक प्रमुख ठिकाण म्हणजे अमेरिकेतील युटा राज्यातले ग्रेट सॉल्ट लेक.

समुद्री पिलांना ईपीए आणि डीएचए ही लांब साखळीची ओमेगा-३ मेदाम्ले लागतात. मेंदू आणि डोळ्याचा पडदा यांच्या जडणघडणीत त्यांचा वाटा मोठा असतो. कार्प मासा साध्या मेदाम्लांपासून ती काही प्रमाणात स्वतः बनवितो, समुद्री माशांना ते फारसे जमत नाही. आर्टेमियात डीएचए जवळपास नसते. म्हणून आधी आर्टेमियालाच माशाच्या तेलाचा अंश असलेले द्रावण पाजायचे आणि मग तिला पिलांपुढे टाकायचे, असा द्राविडी प्राणायाम करावा लागतो. त्यानंतर सुक्या खाद्याची सवय लावणे हे दूध तोडण्याइतकेच जिकिरीचे. या काळात भूक आवरली नाही तर मोठे पिलू शेजारच्या लहान भावंडाला गिळून टाकते. आकारानुसार पिलांची वारंवार निवड करून ती वेगळी ठेवावी लागतात. बाजारातील जिताड्याच्या भावामागे एवढा खटाटोप दडलेला असतो.

माशासाठी मासा

उत्तम प्रतीच्या खाद्यात मासळीची भुकटी आणि माशाचे तेल घातले जाते, कारण पिलांना हवी असलेली अमिनो आम्ले व मेदाम्ले त्यात जुळून आलेली असतात. पण ही भुकटी येते कोठून? पेरूच्या किनाऱ्यावरील अँकोव्हीपासून आपल्याकडील तारलीपर्यंत अनेक लहान समुद्री माशांपासून. शेतीतील मासा वाढविण्यासाठी समुद्र रिकामा करायचा आणि गरिबाच्या ताटातली तारली गिरणीत पाठवायची, यात शहाणपण नाही. सोयाबीनची पेंड, रेशीमकिड्यांचे कोश, काळ्या सैनिक माशीच्या अळ्या असे पर्याय म्हणूनच पुढे येत आहेत. सोयाबीनमधील पचनाला अडथळा आणणारा घटक नीट भाजल्याने नाहीसा होतो आणि उणे पडणारे मेथिओनिन वेगळे मिसळता येते. मोठ्या माशाचे खाद्य या मार्गाने पुष्कळ बदलता येते. सर्वांत अवघड आहे ते पिलांचेच खाद्य. पण पिलांना लागणारे प्रमाण इतके अल्प असते की, मासळीची भुकटी वापरायचीच तर ती पहिल्या काही आठवड्यांपुरती राखून ठेवणे हा विवेकी मार्ग ठरावा.

महाराष्ट्रात धरणांची आणि तलावांची वाण नाही. त्यांत मासेमारी करणाऱ्या भोई समाजाच्या व इतर मच्छिमारांच्या सहकारी संस्था ठेक्याची रक्कम भरतात, बीज विकत घेतात, ते पाण्यात सोडतात आणि वर्षभर वाट पाहतात. पाण्यात सोडलेले बीज किती जगले, हे डोळ्यांना दिसत नाही. ते दिसते थेट जाळे ओढताना. बीज अशक्त असेल तर त्या कुटुंबांचे एक वर्ष वाया गेलेले असते. म्हणूनच बीज घेताना केवळ 'किती लाख' हे न विचारता 'किती लांब' आणि 'कशावर वाढविलेले' हे विचारणे गरजेचे आहे. प्लवकाची जाळी आणि काचेची नळी ही काही महागडी उपकरणे नव्हेत. कोरडी जागा, ताजा कोंडा, दिवसातून चार वेळा मूठभर खाद्य यांनाही मोठे भांडवल लागत नाही. लागते ते लक्ष. जिऱ्याएवढ्या जिवाला पहिला घास वेळेवर मिळाला, तर पुढे तो आपल्या ताटापर्यंत पोहोचण्याची शक्यता कितीतरी वाढते.